मोकळ्या सोडलेल्या कोंबड्यांचे वन्य भक्षकांपासून संरक्षण: रात्रीचा बंदोबस्त आणि दिवसाची राखण

माळरान (धागाकर्ता)

नमस्कार. माझ्या कोंबड्या दिवसभर मोकळ्या चरतात आणि सायंकाळी आपणहून खुराड्यात येतात. त्यांना कायमचे जाळीबंद करावे असे मला वाटत नाही. माती उकरणे, धुळीत लोळणे, किडे वेचणे आणि ऊन वाढले की झुडपाखाली जाऊन बसणे हे त्यांचे जगणे आहे, आणि ते त्यांच्यापासून हिरावून घेऊन त्यांना सुरक्षित ठेवण्यात मला समाधान नाही.

मात्र अलीकडे दोन प्रकारची हानी झाली आहे. एका सकाळी खुराडे उघडले तेव्हा अनेक कोंबड्या मरून पडल्या होत्या. मानेजवळ चाव्याच्या खुणा होत्या, पण मांस जवळजवळ खाल्लेले नव्हते. त्यानंतर काही दिवसांनी भर दुपारी दोन तलंगा नाहीशा झाल्या. एकीची पिसे कुंपणालगतच्या उघड्या जागेत वर्तुळाकार पसरलेली होती, तर दुसरीचा कोणताही माग सापडला नाही. खुराड्याला नेहमीची षटकोनी छिद्रांची जाळी आहे, दाराला साधी कडी आहे आणि तळ मातीचा आहे. बाहेरचे कुंपण कमरेएवढे आहे.

हे काम कोणत्या प्राण्याचे असावे, सर्वांत आधी काय दुरुस्त करावे आणि कोंबड्यांना मोकळे सोडणे चालू ठेवता येईल का, याविषयी जाणकारांनी सविस्तर लिहावे ही विनंती.

रानवाट

आपण केलेले वर्णन नीट वाचले. या दोन घटनांमागे एकच प्राणी असण्याची शक्यता मला फार कमी वाटते, म्हणून त्यांचा विचार वेगवेगळा करावा.

रात्रीच्या घटनेत मानेवर चावे आहेत, एकाहून अधिक पक्षी मेलेले आहेत आणि मांस खाल्लेले नाही. मुंगूस आणि त्याच्यासारखे सडपातळ, बिळात शिरू शकणारे मांसाहारी प्राणी बंदिस्त जागेत शिरले की बहुधा असेच चित्र दिसते. खोकड, कोल्हा, रानमांजर किंवा भटके कुत्रे यांनीही असे केल्याची उदाहरणे आहेत. पुष्कळ लोक यावरून तो प्राणी क्रूर आहे किंवा केवळ हौसेने मारतो असा निष्कर्ष काढतात, पण तसे मानण्याचे कारण नाही. प्राणिशास्त्रज्ञ हान्स क्रूक यांनी १९७२ मध्ये या गरजेपेक्षा अधिक शिकारीवर एक शोधनिबंध प्रसिद्ध केला होता. अत्यंत काळोख्या रात्री जमिनीवर बसून राहिलेल्या कुरव पक्ष्यांना कोल्हे एकामागून एक मारत सुटतात, अशी उदाहरणे त्यांनी त्यात तपासली. एरवी एका पक्ष्यावर झडप पडताच बाकीचे उडून जातात आणि शिकार तिथेच थांबते. पक्षी पळत नाहीत तेव्हा शिकारी प्राण्याला थांबवणारे काहीच उरत नाही. बंद खुराड्यात नेमके हेच घडते. कोंबडीला अंधुक उजेडात फारच कमी दिसते, ती दांडीवरून हलत नाही आणि हलली तरी बाहेर जायला वाट नसते. खुराड्याला एक भगदाड राहिले तर एका रात्रीत सगळा कळप जाऊ शकतो, तो यामुळे.

दिवसाच्या घटनेत उघड्या जागी वर्तुळाकार पसरलेली पिसे पाहता शिकारी पक्ष्याचा संशय येतो. ससाण्याच्या जातीचे पक्षी शिकार जमिनीवर दाबून धरतात आणि खाण्यापूर्वी पिसे उपटतात. ती पिसे शिल्लक असतील तर त्यांची टोके पाहावीत. उपटलेल्या पिसाचा देठ मुळापर्यंत अखंड असतो. सस्तन प्राणी मात्र दातांनी पिसे कातरतो, त्यामुळे देठ तुटलेले, चिरडलेले आणि कधी लाळेने चिकटलेले दिसतात. मागमूस न ठेवता नाहीशी झालेली दुसरी तलंग कोल्हा, खोकड किंवा कुत्र्यासारख्या प्राण्याने उचलून नेली असण्याची शक्यता अधिक आहे.

यात एक सावधगिरी आवश्यक आहे. आपण पाहतो तेव्हा मृत पक्ष्यापाशी जो प्राणी असतो, त्यानेच शिकार केलेली असते असे नाही. मेलेल्या कोंबडीवर नंतर कावळे, घारी, मांजरे आणि घुशीही येतात, त्यामुळे एका शवावरून निर्णय देऊ नये. खुराड्याभोवती चाळलेली बारीक माती किंवा राख पसरून ठेवली तर सकाळी पावलांचे ठसे वाचता येतात. हालचाल टिपणारा कॅमेरा मिळत असेल तर त्याहून उत्तम. ज्याला एकदा सोपे खाद्य मिळाले तो प्राणी लवकरच परत येण्याची शक्यता असते, म्हणून ओळख पटण्याची वाट पाहत दुरुस्ती लांबवू नका.

सुतारपक्षी

रानवाट यांच्याशी पूर्ण सहमत आहे. मी केवळ खुराड्याविषयी लिहितो, कारण माझ्या मते रात्रीचा प्रश्न हा बांधकामाचा प्रश्न आहे आणि तो जवळजवळ पूर्ण सोडवता येतो. दिवसाविषयी तसे आश्वासन कोणीच देऊ शकणार नाही.

प्रथम जाळीविषयी. षटकोनी छिद्रांची जाळी कोंबड्यांना आत ठेवण्यासाठी बनवलेली असते, भक्षकाला बाहेर ठेवण्यासाठी नव्हे. तिची तार बारीक असते, कुत्रा किंवा कोल्हा ती दातांनी ओढून फाडू शकतो, आणि तिच्या छिद्रांतून लहान साप व उंदीर सहज आत येतात. तिच्याऐवजी अर्ध्या इंची, म्हणजे साधारण १२ ते १३ मिलिमीटर चौकटीची, जस्त चढवलेली वेल्डमेश जाळी लावावी. प्रौढ उंदीर या चौकटीतून येऊ शकत नाही आणि मुंगसाचा तर प्रश्नच येत नाही. संपूर्ण खुराड्याला ही जाळी परवडत नसेल तर निदान खालचा अर्धा भाग आणि हवेसाठी ठेवलेल्या सर्व खिडक्या तिने झाकाव्यात. उंचावरची झरोक्याची फट लोक विसरतात. उदमांजर आणि रानमांजर भिंतीवर व छपरावर लीलया चढतात, त्यामुळे छप्पर आणि भिंत यांच्यामधली मोकळी जागाही तितकीच महत्त्वाची आहे.

जाळी कोणती आहे याइतकेच ती कशी बसवली आहे हेही पाहावे लागते. लाकडाला पिना मारून लावलेली जाळी जोराने ढकलली की पिनांसकट निघते. स्क्रूखाली रुंद वॉशर घालून किंवा जाळीच्या कडेवरून लाकडी पट्टी ठोकून ती बसवावी. शक्यतो जाळी बाहेरच्या बाजूने लावावी, म्हणजे बाहेरून दाब पडला की ती चौकटीवरच दाबली जाईल.

आता मातीच्या तळाविषयी. जमीन उकरून येणारा प्राणी बहुधा भिंत आणि जमीन जिथे मिळते तिथेच खणायला सुरुवात करतो. या सवयीचा उपयोग करून घेता येतो. भिंतीच्या पायथ्यापासून बाहेरच्या बाजूला ४५ ते ६० सेंटिमीटर रुंदीचा जाळीचा पट्टा जमिनीवर आडवा पसरावा, भिंतीच्या जाळीला तो तारेने घट्ट बांधावा, खुंट्या ठोकून किंवा दगड ठेवून दाबावा आणि वर थोडी माती टाकावी. काही दिवसांत त्यातून गवत वर येते आणि पट्टा दिसेनासा होतो. प्राणी पायथ्याशी उकरू लागला की त्याच्या पंजाखाली जाळी येते. आपण ज्यावर उभे आहोत त्या पट्ट्याच्या पलीकडच्या कडेपासून खणायला हवे हे सहसा त्याच्या लक्षात येत नाही. खोल चर खणून उभी जाळी पुरण्यापेक्षा हे काम कमी कष्टाचे आहे आणि माझ्या पाहण्यात अधिक टिकाऊ ठरले आहे.

दाराची साधी कडी आजच बदला. नाकाने किंवा पंजाने वर उचलली की उघडते अशी कोणतीही कडी पुरेशी नाही. दोन वेगवेगळ्या हालचाली केल्याशिवाय न उघडणारी कडी, किंवा कडी-कोयंड्यात अडकवलेला स्प्रिंगचा हूक असावा. दार बंद केल्यावर खाली आणि बिजागरीच्या बाजूला किती फट राहते ते हाताने चाचपून पाहा. दोन बोटे आत जात असतील तर ती बुजवली पाहिजे, कारण सडपातळ अंगाचा प्राणी जेमतेम एका इंचाच्या फटीतूनही शिरू शकतो.

शेवटी दांडीविषयी. कोंबड्या बसतात ती दांडी जाळीला लागून असू नये. जाळीतून पंजा घालून झोपलेल्या पक्ष्याचा पाय किंवा मान ओढली जाते, आणि सकाळी न तुटलेल्या जाळीच्या आत जखमी पक्षी पाहून मालक गोंधळतो. दांडी भिंतीपासून निदान हातभर आत घ्यावी.

कातळ

वरील सूचना चांगल्या आहेत, पण एवढा खटाटोप करण्यापेक्षा पिंजरा लावून तो प्राणी पकडावा आणि दूर नेऊन सोडावा हे सोपे नाही का? विषाचे मी समर्थन करत नाही. तरी ज्याला कोंबडीची चटक लागली आहे तो प्राणी तिथे असेपर्यंत प्रश्न कसा सुटेल, हे मला कळत नाही.

रानवाट

@कातळ, आपला प्रश्न रास्त आहे आणि नुकसान झालेल्या माणसाच्या मनात तो येणारच. तरीही मी या उपायाच्या विरोधात आहे आणि त्याची कारणे सविस्तर सांगतो.

कोंबडी हे खाद्य एका विशिष्ट मुंगसाला किंवा खोकडालाच आवडते असे नाही. त्या परिसरातल्या प्रत्येक मांसाहारी प्राण्याला ते आवडते. एक प्राणी हलवला की त्याचे क्षेत्र रिकामे होते आणि थोड्याच काळात शेजारचा किंवा वयात आलेला दुसरा प्राणी ते व्यापतो. खुराड्यातली फट तशीच असेल तर त्यालाही ती सापडते. पकडून दूर सोडलेल्या प्राण्याचे हालही वाईट होतात. अनोळखी मुलखात त्याला पाणी, आडोसा आणि शिकारीच्या जागा माहीत नसतात, तिथले जुने प्राणी त्याला टिकू देत नाहीत, आणि त्याची पिल्ले मागे राहिली असतील तर ती उपाशी मरतात. अनेक देशांत वन्य प्राण्याला परवानगीशिवाय पकडणे किंवा हलवणे हा गुन्हाही आहे. तेव्हा आपापल्या ठिकाणचा कायदा पाहिल्याखेरीज पिंजऱ्याला हात लावू नये.

विषाचा विषय आपणच बाजूला ठेवलात हे बरे झाले, तरी धागा वाचणाऱ्या इतरांसाठी लिहितो. उंदरांसाठी ठेवलेले रक्त न गोठू देणारे विष उंदराबरोबर घुबडाच्या, सापाच्या आणि मांजराच्या पोटात जाते. म्हणजे आपल्यासाठी फुकट उंदीर मारणारे प्राणीच आपण मारतो आणि मग उंदीर आणखी वाढतात. खुराड्याबाहेरून फिरणारे खोकड किंवा मुंगूस आत शिरू शकत नसेल, तर त्याचे तिथे असणे आपल्या फायद्याचेच आहे. त्याच्या वाटेत आलेले उंदीर आणि घुशी ते खाते. आपल्याला प्राण्याला हटवायचे नाही, त्याला मिळणारी संधी बंद करायची आहे.

ओहोळ

दिवसाच्या शिकारीविषयी, विशेषतः घार, शिक्रा, ससाणा अशा पक्ष्यांविषयी थोडे लिहितो. यांत फरक केला पाहिजे. घार बहुतेक वेळा लहान पिल्ले उचलते, मोठ्या कोंबडीच्या वाटेला सहसा जात नाही. प्रौढ कोंबडी मारणारे पक्षी अंगाने बळकट असतात आणि पुष्कळदा घिरट्या न घालता झाडीच्या आडून खालून, वेगाने येतात. त्यामुळे आकाशात काही दिसत नाही म्हणजे धोका नाही असे समजू नये.

कोंबडी ही मुळात रानकोंबडीची वंशज आहे. रानकोंबडी बांबूच्या बेटांत, झुडपी रानात आणि जंगलाच्या कडेला राहते, उघड्या माळावर नाही. तिच्या वंशजांना आपण सपाट, गवत कापलेल्या मोकळ्या जागेत सोडतो आणि मग त्या खुराड्यापासून दूर जात नाहीत किंवा मारल्या जातात, तेव्हा दोष जागेच्या रचनेत असतो. चरण्याच्या जागेत थोड्या-थोड्या अंतरावर दाट, जमिनीपर्यंत टेकलेली झुडपे असावीत. झुडपे वाढेपर्यंत चार खुंट्यांवर ठेवलेली फळी, उलटी ठेवलेली जुनी पेटी, फांद्यांचा ढीग, काहीही चालते. एका आडोशापासून दुसऱ्यापर्यंत कोंबडी काही क्षणांत धावत पोहोचली पाहिजे, हा अंदाज धरून ती मांडावीत. मात्र हीच झाडी कुंपणाला अगदी खेटून असू नये, कारण तिथे ती कोंबडीपेक्षा कोल्ह्याच्या उपयोगी पडते. कुंपणालगतचा दोन-तीन मीटरचा पट्टा मोकळा ठेवावा आणि आडोसे आतल्या भागात द्यावेत.

दुसरी गोष्ट कोंबड्याविषयी. आपल्या कळपात कोंबडा आहे का, हे आपण लिहिलेले नाही. चांगला, जागरूक कोंबडा हा दिवसाच्या राखणीतला मोठा आधार असतो. ख्रिस इव्हान्स, लिंडा इव्हान्स आणि पीटर मार्लर यांनी १९९३ मध्ये प्रसिद्ध केलेल्या प्रयोगांत असे दिसले की कोंबडा आकाशातून येणाऱ्या भक्षकासाठी एक आणि जमिनीवरून येणाऱ्या भक्षकासाठी दुसरा इशारा देतो, आणि भक्षक स्वतः न दिसताही कोंबड्या केवळ आवाज ऐकून योग्य तो प्रतिसाद देतात. आकाशातल्या धोक्याचा आवाज ऐकला की त्या आडोशाकडे धावतात, दबून बसतात आणि वर पाहतात. जमिनीवरच्या धोक्याचा आवाज ऐकला की ताठ उभ्या राहून सभोवार पाहतात. ही व्यवस्था त्यांच्याजवळ उपजतच आहे, पण इशारा मिळाल्यावर धावत जायला आडोसा नसेल तर ती वाया जाते.

डोक्यावर मोठा पिसांचा तुरा असलेल्या जातींना वरचे आणि बाजूचे नीट दिसत नाही, त्यामुळे त्या मोकळ्या सोडण्यासाठी योग्य नाहीत असे माझे स्पष्ट मत आहे. तसेच पंख कापलेल्या कोंबडीला कुंपण ओलांडता येत नाही हे खरे असले, तरी संकटात उडून फांदीवर बसण्याचीही तिची सोय जाते. याचा विचार करूनच पंख कापावेत.

माळरान (धागाकर्ता)

सर्वांचे मनापासून आभार. पिसे पुन्हा पाहिली. त्यांचे देठ अखंड आहेत, म्हणजे रानवाट यांचा अंदाज बरोबर दिसतो. राख पसरल्यावर खुराड्याच्या मागच्या बाजूला लहान पाच बोटांचे ठसे आणि भिंतीच्या पायथ्याशी उकरल्याची जागाही दिसली. जाळीच्या पट्ट्याचे काम सुरू केले आहे. तोपर्यंत खुराड्याभोवती जड फरशा ठेवल्या आहेत आणि कडी बदलली आहे. कळपात कोंबडा आहे, पण तो अजून वयाने लहान आहे.

आता आणखी तीन प्रश्न. चरण्याच्या जागेवरून जाळे पसरावे का? राखणीसाठी कुत्रा पाळणे कितपत उपयोगी आहे? आणि कमरेएवढ्या कुंपणाचे काय करावे?

सुतारपक्षी

जाळ्याविषयी थोडक्यात. सगळ्या चराऊ जागेवर जाळे टाकणे व्यवहार्य नाही आणि मोठ्या छिद्रांच्या मऊ प्लास्टिकच्या जाळ्यात इतर पक्षी व साप अडकून मरतात. पिल्लांसाठी आणि धोक्याच्या दिवसांसाठी खुराड्याला जोडून एक लहान, सर्व बाजूंनी व वरूनही जाळी असलेले आवार मात्र नक्की बांधा. तुम्ही घरी नसाल, शिकारी पक्षी रोज येऊ लागला असेल किंवा पक्ष्यांच्या साथीच्या रोगामुळे कोंबड्या आत ठेवणे भाग पडले, तर ते आवार उपयोगी पडते. मोठ्या जागेवर ताणलेल्या, ठळक दिसणाऱ्या दोऱ्या आडव्या-तिडव्या बांधल्याने काही शिकारी पक्षी खाली झेपावायला कचरतात, पण तो अपुरा उपाय आहे आणि झाडीतून खालून येणाऱ्या पक्ष्याला तो अडवत नाही.

बुजगावणे, चकाकणाऱ्या पट्ट्या, रात्री लुकलुकणारे लाल दिवे यांच्यावर विसंबू नका. नवेपणा असेपर्यंतच त्यांचा धाक असतो. वापरायचेच असतील तर त्यांची जागा आणि उंची सतत बदलत राहावी.

चांदणवेल

कुत्र्याविषयी मी लिहिते, कारण हा विषय माझ्या जिव्हाळ्याचा आहे. राखणीच्या कुत्र्यांच्या सामर्थ्याचे एक सर्वज्ञात उदाहरण ऑस्ट्रेलियातील आहे. व्हिक्टोरिया राज्यातील वॉर्नम्बूल शहराजवळ मिडल आयलंड नावाचे छोटे बेट आहे. ओहोटीच्या वेळी कोल्हे तिथे पोहोचत आणि तिथल्या लहान पेंग्विनांना मारत. शेकड्यांनी असलेले पेंग्विन २००५ पर्यंत दहाहूनही कमी उरले. २००६ पासून बेटावर मारेम्मा जातीचे राखणीचे कुत्रे ठेवण्यात आले आणि पेंग्विनांची संख्या पुन्हा वाढली. विशेष म्हणजे ही कल्पना मुक्त संचारी कोंबड्या पाळणाऱ्या एका शेतकऱ्याकडून आली होती, जो आपल्या कोंबड्यांचे कोल्ह्यांपासून रक्षण करण्यासाठी याच जातीचे कुत्रे वापरत असे. पुढे २०१७ मध्ये खवळलेल्या समुद्रामुळे कुत्र्यांना बेटावर नेता आले नाही आणि त्या काळात कोल्ह्यांनी सुमारे १४० पेंग्विन मारले. कुत्र्यांमुळे कोल्हे नाहीसे झालेले नसतात, ते फक्त लांब राहतात, आणि राखण थांबली की परत येतात. म्हणूनच कुत्रा आहे या भरवशावर खुराडे कच्चे ठेवू नये.

राखणीचा कुत्रा म्हणजे घरातला कोणताही कुत्रा नव्हे. शिकारीची किंवा पाठलागाची वृत्ती प्रबळ असलेला कुत्रा स्वतःच कोंबड्यांचा शत्रू ठरतो. राखणीच्या जातींची पिल्लेसुद्धा वयात येईपर्यंत खेळता-खेळता कोंबडी मारू शकतात. त्यांना प्रौढ, विश्वासार्ह राखणदार व्हायला बहुधा दोन वर्षे लागतात आणि तोवर देखरेखीशिवाय त्यांना कळपात सोडू नये. पिल्लू लहान असल्यापासून जाळीच्या एका बाजूला ते आणि दुसऱ्या बाजूला कोंबड्या, अशी दोघांची ओळख करून द्यावी. शांत राहिल्याचे कौतुक करावे आणि धावत सुटल्यास त्या क्षणी थांबवावे. कळप लहान असेल तर या एका कामासाठी कुत्रा आणणे मला योग्य वाटत नाही. त्यालाही सोबत, काम आणि पुरेशी जागा लागते.

गिनी फाउल आणि हंस यांचाही उल्लेख होतो. दोघेही अनोळखी हालचाल दिसताच मोठ्याने ओरडतात आणि हंस लहान प्राण्यावर चालूनही जातो. इशारा देण्यासाठी ते उत्तम आहेत, मात्र कोल्हा किंवा कुत्र्यापुढे त्यांचाही टिकाव लागत नाही.

वळचण

कुंपणाचा प्रश्न माझ्या आवडीचा आहे. कमरेएवढे कुंपण कोल्हा, रानमांजर किंवा कुत्रा यांपैकी कोणालाही अडवत नाही. दोन मार्ग आहेत. एक म्हणजे साधारण १.८ मीटर उंचीचे जाळीचे कुंपण करून वरचा हातभर भाग बाहेरच्या बाजूला सैल वाकलेला ठेवणे, म्हणजे चढणारा प्राणी त्या भागावर आला की तो भाग डोलतो आणि प्राण्याचा तोल जातो. पायथ्याला सुतारपक्षी यांनी सांगितलेला जाळीचा आडवा पट्टा इथेही लागेलच. दुसरा मार्ग म्हणजे झटका कुंपण. हलवता येणारे आणि साधारण १.०५ ते १.२ मीटर उंचीचे विजेचे जाळे मोकळ्या कोंबड्यांसाठी वापरले जाते. ते उंचीने अडवत नाही. प्राणी नवी वस्तू प्रथम नाकाने हुंगतो, त्या क्षणी बसलेला झटका त्याच्या लक्षात राहतो आणि मग तो त्या रेषेजवळ येण्याचे टाळतो. म्हणून जुन्या कुंपणाबाहेर १५ ते २० सेंटिमीटर उंचीवर, म्हणजे प्राण्याच्या नाकाच्या पातळीला, एक विद्युत तार आणि कुंपणाच्या वरच्या कडेला दुसरी, एवढ्यानेही मोठा फरक पडतो. कोंबडीला पिसांचे आवरण असल्याने तिला झटका क्वचितच लागतो, पण तुरा किंवा पाय लागला तर बसतो आणि तीही अंतर राखायला शिकते.

हे कुंपण निकामी होण्याचे कारण बहुतेक वेळा अर्थिंग असते. झटका प्राण्याच्या अंगातून जमिनीत आणि जमिनीतून अर्थिंगच्या सळईकडे परत जातो तेव्हाच मंडल पूर्ण होते. जमीन कोरडी किंवा खडकाळ असेल, किंवा सळई एकच आणि उथळ असेल, तर मशीन टकटक करत राहते आणि प्राण्याला काहीच जाणवत नाही. एकाहून अधिक सळया खोल ठोकाव्यात आणि कोरड्या हंगामात त्यांच्याभोवती पाणी घालावे. गवत वाढून खालच्या तारेला लागले की विजेचा दाब गळतो, म्हणून तारेखालचा पट्टा कापत राहावे लागते. कुंपणावरचा दाब मोजण्याचे मीटर जवळ ठेवा. केसाळ प्राण्यासाठी तो ३,००० व्होल्टच्या खाली जाऊ देऊ नये.

एक गोष्ट अत्यंत गंभीरपणे सांगतो. झटका मशीन साधारण सेकंदाला एक, अगदी क्षणिक स्पंद देते, म्हणूनच तो दाब एवढा असूनही प्राणघातक नसतो. घरातल्या विजेची तार थेट कुंपणाला जोडणे म्हणजे माणसे, मुले आणि जनावरे यांचा जीव घेणे आहे. प्रमाणित मशीनशिवाय दुसरे काहीही वापरू नये. जमिनीलगतच्या फार खालच्या तारेवर कासव आणि बेडूक अडकून मरतात, म्हणून जाळ्यातली जमिनीला अगदी लागून असलेली तार विजेची ठेवू नये.

कातळ

रानवाट यांच्या उत्तरामुळे माझे मत बदलले, हे मोकळेपणाने सांगतो. एक वेगळा प्रश्न विचारतो. माझ्याकडे कोंबड्या शाबूत असतात, पण अंडी आणि कधी लहान पिल्ले जातात. टरफलही मागे राहत नाही. कसला प्राणी असेल?

रानवाट

टरफल न ठेवता अंडे नाहीसे होणे हे साप किंवा घोरपड यांचे लक्षण आहे, कारण ते अंडे अखंड गिळतात. घुशी अंडे ओढून बिळात नेतात, तेव्हा जवळपास बिळे आहेत का तेही पाहा. मुंगूस आणि कावळे अंडे फोडून खातात व टरफल सोडून जातात. मोठ्या कोंबडीचे डोके आणि मान ओली, चिकट आणि पिसे मागे फिरलेली दिसली, तर सापाने गिळण्याचा प्रयत्न करून सोडून दिले असे समजावे.

साप अंड्यांसाठी येतो त्याहून अधिक उंदरांसाठी येतो, आणि उंदीर सांडलेल्या दाण्यासाठी येतात. दाणा घट्ट झाकणाच्या पत्र्याच्या डब्यात ठेवा, सायंकाळी उरलेले खाद्य उचलून घ्या आणि खुराडे जमिनीपासून फूट-दीड फूट उंच घ्या, म्हणजे त्याच्या खाली लपायला अंधारी, दबकी जागा उरणार नाही. खुराड्याला टेकलेले लाकडांचे आणि विटांचे ढीग हलवा. अंडी दिवसातून दोनदा गोळा करा. साप आत दिसला तर त्याला मारण्याचा किंवा हाताने धरण्याचा प्रयत्न न करता कोंबड्या बाहेर काढाव्यात आणि सर्पमित्राला बोलवावे. अनेकांना चावा साप मारायला गेल्यावरच बसतो.

खुडूक कोंबडी बाहेर झुडपात गुपचूप अंड्यांवर बसली असेल तर तिला शोधून आणा. ती २१ दिवस रात्रंदिवस जमिनीवर एका जागी बसून असते आणि सहसा उठून पळत नाही, त्यामुळे सर्व भक्षकांच्या दृष्टीने ती कळपातली सर्वांत सोपी शिकार आहे. रात्री अंधारात तिला अंड्यांसकट उचलून जाळीच्या आवारात बसवले तर बहुतेक कोंबड्या पुन्हा बसतात.

माळरान (धागाकर्ता)

वळचण आणि चांदणवेल, आपण दिलेली माहिती फार उपयोगी आहे. कुत्र्याचा विचार सध्या बाजूला ठेवतो आणि कुंपणाबाहेर झटक्याच्या दोन तारा लावतो. एकच शंका उरली आहे. काही सायंकाळी मला परतायला अंधार होतो आणि तोवर खुराड्याचे दार उघडेच राहते. त्यासाठी आपोआप बंद होणारे दार बसवावे का?

सुतारपक्षी

जरूर बसवा. तुमच्या परिस्थितीत तो सर्वांत उपयोगी खर्च ठरेल, कारण सूर्यास्तानंतरचा तास आणि पहाटेचा तास हेच अनेक भक्षकांच्या फिरण्याचे तास असतात. उजेड ओळखून बंद होणारे दार ढगाळ दिवशी लवकर बंद होऊ शकते, आणि ठरावीक वेळेवर चालणारे दार ऋतूनुसार दिवस लहान-मोठा झाला की चुकते. दोन्ही सोयी असलेले मिळाल्यास उत्तम, नाहीतर वेळेचे घेऊन दर पंधरा दिवसांनी वेळ बदलावी. खाली सरकणारे दार खाचेत पुरेसे आत जाते ना आणि बाहेरून नखाने उचलता येत नाही ना, हे तपासा. कोंबडी मध्ये आली तर थांबणारे दार निवडा.

सकाळी ते सूर्योदयानंतर बऱ्याच वेळाने उघडेल असे ठेवा. बहुतेक कोंबड्या सकाळच्या वेळी अंडी घालतात, त्यामुळे उशिरा सोडल्याने अंडी खुराड्यातच मिळतात आणि झुडपात घालण्याची सवय लागत नाही. सायंकाळी दार बंद होण्यापूर्वी खुराड्याच्या आत मूठभर दाणा टाकण्याची पद्धत ठेवली की रेंगाळणाऱ्या कोंबड्याही वेळेत आत येतात. घरी परतल्यावर मात्र विजेरी घेऊन दांडीवरचे पक्षी रोज मोजा. एखादी तलंग बाहेर झाडावर राहिली असेल तर ती घुबडाच्या किंवा उदमांजराच्या हाती लागण्यापूर्वी, त्याच रात्री, तिला उतरवून आत आणता येते.